मोराच्या झुमक्यांची निरवानिरव

लिहून ठेवणार: मी, वय वर्षे चोपन्न, धंदा मुलाम्याचे कानातले विकणे आणि उतरलेला मुलामा पुन्हा चढवून देणे. आज माझं डोकं ठिकाणावर आहे. हे मी म्हणत नाही, शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणतात, आणि तसा त्यांचा सही-शिक्क्याचा कागद सोबत जोडला आहे. मला कुणी धमकावलेलं नाही, गोड बोलून कुणी काही काढूनही घेतलेलं नाही. गुंगीचं औषध मी संध्याकाळी घेते आणि हे सकाळी अकरा वाजता लिहिते आहे. यापूर्वी मृत्युपत्र केलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

उपचारांनी आजार गेला नाही, बोटांच्या टोकांची जाणीव मात्र गेली. चहा गरम आहे की गार, ते आता मला वाफेकडे बघून कळतं. मनाचंही साधारण तसंच झालं आहे. त्यामुळे खालच्या मजकुरात कुठे रडारड सापडली, तर ती वाचणाऱ्याची समजावी.

कलम १. राहती जागा. दोन खोल्या भाड्याच्या आहेत. त्या घरमालकांच्या आहेत हे त्यांनी मला दर महिन्याला न चुकता सांगितलेलं असल्यामुळे त्याबद्दल वाद नाही. शिलाई मशीन खालच्या काकूंना द्यावं. गेली आठ वर्षं त्या जिन्यात भेटल्या की म्हणतात, "तुम्ही कुठे वापरता हो ते?" आता खरंच वापरणार नाही.

कलम २. माझा नवरा. एकोणीस वर्षांपूर्वी तो "जरा जाऊन येतो" म्हणून गेला. अजून वाटेत असावा. दुकानाच्या खालच्या खणात एक पत्र्याचा डबा आहे. त्यात गिऱ्हाइकांनी "याच्यासारखंच दुसरं जोडून द्या" म्हणून आणून टाकलेले आणि पुन्हा कधीही न नेलेले एकेकटे कानातले आहेत, अंदाजे तीनशे. तो डबा त्याला द्यावा. जोडी सांभाळणं त्याला जमत नव्हतं, यात त्याची सोय होईल. याव्यतिरिक्त त्याला काहीही नाही.

कलम ३. हत्यारं आणि हुन्नर. मुलामा चढवायची टाकी, विजेचं यंत्र, चिमटे, ब्रश, वजनकाटा आणि सहा तबकं माझ्याकडे अकरा वर्षं काम करणाऱ्या चष्मेवालीला द्यावीत. तिला माझ्यापेक्षा बारीक दिसतं. फक्त ती गिऱ्हाइकाशी फार खरं बोलते, ते तिनं कमी करावं.

कानातले निवडून देण्याबद्दल तिला तोंडी सांगितलं आहेच, इथे पुन्हा लिहिते. मुलाम्याचं कानातलं पुढून बघू नये. पुढून सगळेच बरे दिसतात, माझा नवराही दिसायचा. उलटं करावं. पाठही तितकीच पिवळी आहे का, खड्याच्या कडेला गोंद आला आहे का, झुमक्याच्या आत कोपऱ्यात रंग पातळ पडला आहे का, ते बघावं. कानात जाणारी दांडी कशाची आहे ते विचारावं, कारण खाज तिथून सुरू होते. जड झुमका घ्यायचाच असेल तर कानामागून जाणारी साखळी सोबत द्यावी. कानाची पाळी एकदा ओघळली की तिला मुलामा देता येत नाही.

गिऱ्हाईक आरशात बघून हमखास विचारतं, "खरे वाटतात ना हो?" चष्मेवाली सांगते, "वाटतात, पण आहेत मुलाम्याचे." हे शेवटचं सांगायची गरज नसते. ते घेणारीला माहीत असतं. बघणारीला माहीत नसावं, एवढ्यासाठीच ती आलेली असते.

कलम ४. निगा. दुकान उघडलं त्या वर्षी मी हिरव्या कागदावर एक चिठ्ठी छापून घेतली होती. दोनशे प्रती. हिरव्यावर काळी शाई दिसत नाही अशी तक्रार आल्यावर दुसऱ्या वर्षापासून पांढरा कागद घेतला. मजकूर बदललेला नाही, तो असा:

"सगळं आवरून झाल्यावर कानातले घाला, घरी आल्यावर आधी कानातले काढा. अत्तर, तेल, साबण, घाम लागू देऊ नका. काढल्यावर कोरड्या मऊ कापडाने पुसा. प्रत्येक कानातलं वेगळ्या कापसात गुंडाळा, पिशवीतली हवा दाबून काढा. डब्यात खडूचा तुकडा ठेवा, तो दमटपणा ओढून घेतो. इतकं केलंत तर मुलामा वर्षभर टिकेल. मग आमच्याकडे या."

सोन्याला यातलं काही लागत नाही. सोनं घालून माणूस आंघोळ करतं, झोपतं, भांडतं. सोन्याच्या डब्यात खडू कुणी ठेवत नाही. हे वाक्य पुढे लागणार आहे.

कलम ५. मोराचे झुमके. या कलमासाठीच बाकीची कलमं लिहिली आहेत.

आईचे सोन्याचे झुमके होते. वर मोर, खाली घुमट, घुमटाला मोत्यांची झालर. दोन्ही मोर चेहऱ्याकडे तोंड करून बसलेले. आईच्या उजव्या कानातल्या मोराच्या डोळ्याचा लाल खडा आमच्या लहानपणीच पडला होता. आई म्हणायची, "असू दे, त्याला एकच बाजू बघायची आहे."

हे झुमके थोरलीला, म्हणजे ताईला द्यायचे हे आधीपासून ठरलेलं होतं. मी धाकटी. मला त्यात काही वाटत नव्हतं, किंवा वाटत असलं तरी तेव्हा मला बरंच काही वाटायचं.

नवरा गेला तेव्हा मी परक्याच्या मुलाम्याच्या दुकानात काउंटरवर नऊ वर्षं उभी होते. आई एक दिवस दुकानाच्या मागच्या दारी आली आणि झुमके माझ्या ओंजळीत ठेवून म्हणाली, "मोड. स्वतःचं काहीतरी काढ."

मी म्हटलं, "ताईला काय सांगशील?"

"तिला झुमके मिळतील. तू नक्कल करतेस ना? मग कर."

मी मोडले. त्यातून टाकी आली, यंत्र आलं, रस्त्याकडेच्या सहा फुटी गाळ्याची अनामत गेली. पितळेची नक्कल ओळखीच्या कारागिराकडून करून घेतली, तिच्यावर मुलामा मी स्वतः चढवला, माझ्या टाकीतलं पहिलं काम. मुलामा जाड चढवला. मग आठवलं, एका मोराचा डोळा काढायला हवा. सोन्याचे झुमके तोवर वितळलेले होते. उजवा कान, एवढं पक्कं आठवत होतं. जोडी तबकात समोर मांडली आणि माझ्या उजव्या हाताच्या मोराचा खडा काढला.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक समोर बसतं. माझा उजवा हात म्हणजे तिचा डावा कान. नऊ वर्षं समोरून कान बघत आले, आणि आईच्या कानात मी कधी काही घातलं नव्हतं. तिच्या बोटांत जोर राहिला नाही तेव्हापासून रोज सकाळी तिचे झुमके ताईच घालायची आणि ताईच काढायची.

माझी चूक मला आई गेल्यावर कळली, तिचा फोटो मोठा करून आणला तेव्हा. तोवर आईनं स्वतःच्या हातानं झुमके ताईला दिले होते, आणि ताईनं मला ऐकवलं होतं, "तुला दुकान, मला झुमके. फिटलं."

ती त्यानंतर माझ्या घरी आली नाही. दुकानात मात्र वर्षातून एकदा यायची. स्टुलावर बसायची नाही. डबा काउंटरवर ठेवायची.

"पॉलिश करून दे."

"चहा घेतेस?"

"नको. गुरुवारी येते."

सोन्याला दर वर्षी पॉलिश कशाला, असं मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं पॉलिश थांबवलं असतं आणि दोन वर्षांत पितळ वर आलं असतं. अठरा वेळा मी डबा घेतला, चष्मेवालीला हात लावू न देता शटर अर्धं ओढून मुलामा चढवला, आणि गुरुवारी परत दिला. डबा दर वेळी वेगळा असायचा, झुमके रुमालात गुंडाळलेले. मला वाटायचं, तिला सोन्याची मिरवायची हौस आहे, म्हणून चकाकी हवी असते. मनात मी तिला नावंही ठेवायचे.

कलम ६. मागचा महिना. ताई आली. या वेळी बसली. उपचारांत केस गेल्यापासून मी घालते त्या टोपीकडे बघितलं. मग म्हणाली, "झुमके मुलीला देते आहे. ती लांब जाते आहे नोकरीला. तिकडे कुणी पॉलिश करून देणार नाही, तेव्हा नीट करून दे."

भाची ते सोन्याचे समजून घालणार. त्यावर अत्तर मारणार, घालून झोपणार. सहा महिन्यांत मोर काळा पडणार. मग ती ताईला विचारणार, आणि ताई मला विचारायला येईल तेव्हा मी नसणार. आजीनं फसवलं की मावशीनं, हे ठरवत दोघी बसणार. आजारानं मला जेवढी भीती घातली नव्हती तेवढी या विचारानं घातली. तीही बोटांसारखीच, आहे हे कळतं, लागत नाही.

ताईनं या वेळी रुमालात आणले नव्हते. घरातला डबाच उचलून आणला होता, बहुधा घाईत. मी उघडला. एकेक झुमका वेगळ्या कापसात. पिशवीतली हवा काढलेली. कोपऱ्यात खडूचा तुकडा. तळाला घडी घातलेला कागद, हिरवा.

मुलामा शाबूत होता. नुसता शाबूत नाही, मी गेल्या वर्षी दिला तसाच. एकोणीस वर्षांत तिनं मला एकदाही खरं काम करू दिलं नव्हतं, एवढंच मला तेव्हा सुचलं.

मी डबा बंद केला. म्हटलं, "या वेळी गरज नाही. चांगले ठेवलेस."

ती म्हणाली, "ठेवावेच लागतात."

"मुलीला सांगितलंस?"

"सगळं सांगितलंय. कधी घालायचे, कधी काढायचे."

"आणि?"

"आणि काय. आजीचे आहेत, म्हटलं." मग उठताना म्हणाली, "डोळा मात्र तू चुकवलास गं."

चहा घेऊन गेली. निम्मा टाकला.

कलम ७. म्हणून व्यवस्था अशी:

दुकान ताईच्या झुमक्यांचं आहे. ते माझं नव्हतंच, तेव्हा मी ते देत नाही, परत करते. गाळ्याचा करार, अनामत, पाटी आणि पाटीवरचं माझं नाव ताईकडे जावं. चष्मेवालीनं ते पूर्वीसारखं चालवावं आणि तिला तिथून कुणी उठवू नये. ताईनं काउंटरमागे बसू नये, ती गिऱ्हाइकांना घालवून देईल.

भाचीनं झुमके वर्षातून एकदा पाठवावेत. मुलामा चष्मेवाली चढवेल, शटर पूर्ण उघडं ठेवून. डोळा दुरुस्त करू नये.

बँकेत जे आहे त्यातून आधी दवाखाना, मग उरलं तर भाचीच्या प्रवासाला.

या कागदानं कुणाला काही नवीन कळलेलं नाही. फक्त लिहिलेलं कुठे नव्हतं.

डब्यातला खडू झिजून पिवळा पडला होता. ताईचं लक्ष नसताना मी नवा घातला. जुना माझ्या गल्ल्यात, चिल्लरीच्या कप्प्यात आहे. त्याची वाटणी नाही. तो माझा.

बोटांना पेन कळत नसल्यामुळे सही वाकडी आली आहे, पण माझीच आहे. खाली अंगठाही उठवला आहे.

सही: पाटीवर जे नाव आहे तेच.

साक्षीदार:
१. शेजारचा घड्याळवाला. यानं मजकूर वाचलेला नाही, सही होताना बघितली. "वाचू का?" असं दोनदा विचारलं, दोनदा नाही म्हटलं.
२. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई. यांनी वाचला.

चष्मेवालीला यात काही मिळत असल्यामुळे तिला साक्षीदार केलेलं नाही. ती बाहेर गिऱ्हाइकाला खरं सांगते आहे, ते इथपर्यंत ऐकू येतं.

ठिकाण: दुकानाची मागची खोली.
तारीख: ११ नोव्हेंबर, सोमवार.