चादरीखालचा लिफाफा

मंगळवार, चर्चमधली संध्याकाळची मिस्सा आटोपल्यावर

लिफाफा अजून चादरीखालीच आहे. फादर सायमनला बिशप करावं का, असं चर्चच्या वरिष्ठांनी मला गुप्तपणे विचारलंय. कुणालाही सांगायचं नाही, त्याला तर नाहीच, अशी सक्त ताकीद. सोबत प्रश्नांची यादी. पहिला, त्यांची प्रकृती कशी आहे? दुसरा, रागीट आहेत का? आहे ना. पण लिहू का? आणि लिहिलं, तर ते खरं आहे म्हणून, की माझं नाव कुणाला सुचलं नाही म्हणून?

दुपारी हाच विचार करत होतो, तेवढ्यात सायमनच वळसंगहून आला. मी टेबलावरचे सगळे कागद घाईघाईने खुर्चीवरच्या चादरीखाली सारले, आणि हा नेमका त्याच खुर्चीत बसला. अर्धा तास. तो जरा हलला की कागद वाजायचा आणि मी मोठ्यानं बोलायला लागायचो. शाळेचं बोलला, बोअरच्या पाण्याचं बोलला, पण माझ्या नजरेला नजर देईना. चहाही तसाच ठेवला.

निघताना दारात थांबला. "फादर, तब्येत कशी हाय तुमची? खरं सांगा की."

पंचवीस वर्षांत यानं माझी तब्येत कधी विचारली नव्हती. क्षणात उमगलं. यालाही लिफाफा आलाय, माझ्याबद्दलचा.

"ठणठणीत," मी म्हणालो.

अँजिओग्राफी ताबडतोब करा, अशी डॉक्टरांची सकाळची चिठ्ठी आहे. तीही त्याच चादरीखाली.