आधी ऊब, मग दूध

आई,

आज तुझ्यावर चिडून लिहायला बसलोय. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं मांजराचं पिल्लू आहे, डोळेही न उघडलेलं, आणि त्याच्या छातीत घरघर होतेय. ही घरघर माझ्यामुळे झाली, आणि माझ्यामुळे म्हणजे निम्मी तुझ्यामुळे. आपल्या ठाकुर्लीच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत मांजरी व्याली होती. ती काल गाडीखाली गेली. वॉचमनने सकाळी हाक मारली म्हणून खाली गेलो, तर बाकीची पिल्लं मेलेली आणि हे एकटं फरशीवर पडलेलं. थंडगार. तोंड उघडून ओरडत होतं, पण आवाज फुटत नव्हता.

मग मी काय केलं असेल? तू केलं असतंस तेच. आधी पोटोबा, मग विठोबा. दारात आलेल्या माणसाला तू नाव विचारायच्या आधी पानावर बसवायचीस. मी शाळेतून रडत आलो, तर का रडतोस हे जेवण झाल्यावर विचारायचीस, आणि तोवर निम्मं रडं मी विसरलेला असायचो. तर मी कपाटातलं चांदीचं बोंडलं काढलं. त्याच्या चोचीतून तू मला दूध पाजलंस आणि पुढे माझ्या लेकीलाही. गाईचं दूध कोमट केलं, पिल्लाला मांडीवर उताणं घेतलं, डोकं हातावर टेकवलं आणि अगदी बाळासारखं पाजलं. दोन घोट नीट गेले. मग ठसका लागला, दूध नाकातून बाहेर आलं आणि पिल्लू एकदम लुळं पडलं. तसंच टॉवेलात गुंडाळून जनावरांच्या दवाखान्यात पळालो.

डोंबिवलीतली ही डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाची आहे. तिने पिल्लाच्या छातीला नळी लावून ऐकलं आणि वर न बघताच विचारलं, "काका, उताणं धरून पाजलंत ना?"

"आमच्याकडे बाळांना असंच पाजतात हो."

"हे बाळ नाहीये, मांजर आहे. आईला पिताना ते पालथं असतं, पोटावर. उताणं धरलं की दूध सरळ छातीत. आणि एवढं गार पडलेलं पिल्लू दूध पचवूच शकत नाही. आधी ऊब, मग दूध. गाईचं तर नकोच, जुलाब लागतील." तिने इंजेक्शन दिलं आणि जरा मऊ आवाजात म्हणाली, "उपाशी ठेवून चालणार नाही, पण पुन्हा छातीत गेलं तर माझ्या हातात काही नाही. थेंब थेंब द्या. पोट गोल झालं की थांबा. रडलं तरी थांबा."

तुझी सून ठाण्यात खोपटला ऑफिसात होती. तिचा फोन आला, "अहो, पिल्लांची दुधाची पावडर मिळाली, माजिवड्याच्या दुकानात होती. निघालेच मी. तोवर काही पाजू नका हं, तुमचा हात सैल आहे." ती येईपर्यंत मी गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पिल्लाशेजारी ठेवली आणि तुझ्याशी मनातल्या मनात भांडत बसलो. तुझं एकही शहाणपण कामाला आलं नाही. भुकेलेला जीव समोर आणि हात बांधलेले, असं बसायला तू मला कधी शिकवलं नाहीस.

संध्याकाळी ती आली, तिने पावडर कालवली. मी पिल्लाला टॉवेलावर पालथं ठेवलं, हनुवटी जरा उचलली आणि सिरिंजने एक थेंब सोडला. थांबलो. ते गिळतंय का, हे वाकून बघितलं. गिळलं. मग दुसरा थेंब. ठसका नाही. थोड्या वेळाने पोट गोल लागलं आणि मी सिरिंज बाजूला ठेवली, तर ते माझं बोट लुचायला लागलं आणि मोठ्याने ओरडायला लागलं. अजून हवं होतं. तुझी सून म्हणाली, "ओरडू दे." मी सिरिंजला पुन्हा हात लावला नाही.

आणि तिथे तू आठवलीस. ठाण्याच्या हॉस्पिटलात, अर्धं अंग गेलेलं, नाकात नळी. गिळता येत नाही, तोंडाने काही दिलं तर फुप्फुसात जाईल, असं डॉक्टरांनी मला बजावलेलं. भर दुपारी तू माझं मनगट धरतेस आणि वाकड्या ओठांनी म्हणतेस, "चहा दे रे. दोनच चमचे." मी म्हणतो, "उद्या देतो हं." तू मनगट सोडतेस आणि भिंतीकडे बघत राहतेस. तो उद्या आला नाही. इतकी वर्षं मी त्या डॉक्टरांवर मनात डूख धरून होतो, दोन चमच्यांनी असं काय झालं असतं म्हणून. आज दोन घोटांनी काय होतं ते मांडीवर बघितलं. म्हणजे तेव्हा मी केलं ते बरोबर होतं.

हे कळल्यावर हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. पिल्लू आता झोपलंय. घरघर आहे, पण कमी आहे, आणि अंग गरम लागतंय. डॉक्टर फोनवर म्हणाली, असंच पीत राहिलं तर जगेल. हे पत्र तुझ्या सुनेला दाखवणार नाही, आणि धाडणार तरी कुठे? फक्त एक सांगतो. मी बरोबर होतो, आई, आणि तरीही ती दुपार पुन्हा आली तर मी तुला चहा देईन.