पंचवीस म्हणजे नवव्या खणात उडी

तीर्थरूप ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

माळ्यावर चढायची घडीची शिडी, तुझ्या गुडघ्याची शेकाची पिशवी (गुडघा कसा आहे? पिशवी वायरला धरून ओढू नकोस), आणि आता एकशे सत्तेचाळीस चिपा नि एक हजार नऊशे सहा तारांचा संगणक. हे सगळं मी या दोन हातांनी केलं, कुठल्याही कॉलेजची पायरी न चढता.

संगणक समजायला सोपा आहे. त्याच्या पोटात सोळा खण. प्रत्येक खणात एक आकडा, म्हणजे पेटत्या-विझत्या आठ दिव्यांची रांग. यंत्र खण ओळीनं वाचत जातं. पहिले चार दिवे सांगतात काय करायचं, उरलेले चार सांगतात कुठल्या खणाशी. चार दिव्यांच्या सोळाच तऱ्हा होतात, म्हणून हुकूमही सोळाच. बेरीज, वजाबाकी, उडी, घंटा वाजव, असे मी सोळाच्या सोळा वापरले. 'थांब' तेवढा ठेवला नाही. (काम संपलं की कोणीही आपणहून थांबतं, असं मला वाटलं. भाऊजींचं बोलणं इतकी वर्षं ऐकूनही वाटलं, हे विशेष.)

आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला यंत्रानं पाहुण्यांपुढे पंचवीस हा आकडा दाखवावा, एवढीच माझी हौस. दाखवलान! टाळ्या पडल्या, तुझी भावजय चक्क लाजली. पण यंत्र थांबेना. ते पुढच्या खणात गेलं, तर तिथे पंचवीसच ठेवलेला. आता आकडा कुठला आणि हुकूम कुठला, हे यंत्राला तोंडावरून ओळखता येत नाही. पुढ्यात येईल तो हुकूम. पंचवीसचे पहिले चार दिवे म्हणजे 'उडी मार' आणि पुढचे चार म्हणजे नऊ. नऊ नंबरच्या खणात त्याच दिवशी सकाळी केलेली घंटेची चाचणी पुसायची राहून गेली होती. घंटा सुरू झाली.

"अहो, थांबवा ना ते!"

"बंद केलं तर पोटातले आकडे पुसले जातील. मग चूक सापडायची कशी?" मी म्हणालो. (उत्तर अचूक होतं.)

घंटा बेचाळीस मिनिटं वाजली. चूक सापडली. तोवर पाहुणे गेले होते आणि ही बॅग भरून दारात उभी. "आता त्या यंत्राबरोबरच जेवा," म्हणाली आणि तुझ्याकडे आली. आज अकरावा दिवस. हे तू तिच्या बाजूनं ऐकलं असशीलच.

यंत्राला मी 'थांब' शिकवलं आहे. त्यासाठी एक हुकूम काढावा लागला, तो 'उलट कर' काढला. (ते काम घरात मी बघतोच.) एकोणीस तारा नव्यानं जोडल्या. बाकी सर्व ठीक. चहा अजून दोन कप होतो. दुसरा गार झाला की मीच पितो.

तुझा धाकटा

ता. क. चष्मा सापडत नाही असं सांग आणि पत्र तिलाच वाचायला लाव.

ता. क. दुसरा, वाचणारीसाठी. (म्हणजे ताईनं चष्मा लपवला तर.) त्या बेचाळीस मिनिटांत तू सात वेळा 'थांबवा' म्हणालीस. मी मोजत होतो, ऐकत नव्हतो. चुकलं माझं. रविवारी घ्यायला येऊ का?

ता. क. तिसरा. परवा एका तंत्रशाळेचे प्राध्यापक आले होते. त्यांना यंत्र काचेच्या कपाटात ठेवायला हवं होतं, लगेच. मी नाही म्हणालो. ते थांबलेलं तू अजून पाहिलेलं नाहीस. देत होते एक लाख अडतीस हजार पाचशे.