फळ्याचा फोटो

मंगळवार, संध्याकाळ. नारायणगाव.

लिहून काढते. नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी बोरी बुद्रुकच्या दत्ताभाऊंचा फोन आला. त्यांची द्राक्षं आमच्या कंपनीमार्फत परदेशात जातात. "ताई, भुरी दिसतीय. मागचंच बुरशीचं औषध मारू का?" ऑफिसात नवीन सर्च बसवलंय, प्रश्न टाकला की कंपनीच्या सगळ्या कागदांतून उत्तर शोधून देतं. टाकला. 'चालेल' असं आलं. मी तेच सांगितलं.

दुपारी मोबाईल चाळताना ऑफिसातल्या फळ्याचा फोटो दिसला. नवीन काही असलं की साहेब फळ्यावर खडूनं लिहितात आणि फोटो काढून ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. त्यावर लिहिलं होतं, ते औषध यंदा बंद केलंय. सर्चला आमचा ग्रुप कुठून दिसणार? त्यानं मागच्या हंगामाचा कागद वाचला. पण मला तर फोटो आधीच आला होता ना? न वाचताच त्यावर अंगठा टाकून मी मोकळी झाले होते!

लगेच भाऊंना फोन लावला. फवारून झालं होतं. तोडणी तोंडावर आलीय, आता औषधाचा अंश सापडून माल तपासणीत बाद होणार. काय करू मी? कुणाला सांगू?

मी म्हणाले, "भाऊ, कॉम्प्युटरनंच तसं सांगितलं हो."

ते म्हणाले, "मी कंप्युटरला कुटं इचारलं व्हतं, ताई? तुमाला इचारलं."

पुन्हा तो फोटो उघडून बसलेय. खडूची अक्षरं स्वच्छ वाचता येतात. खाली माझा अंगठा.