तुझ्या ओळीतल्या करवंट्या

प्रिय अच्चाचन,

काल सकाळी घराच्या कॅमेऱ्यातून तुझ्या फोनवर मी दिसले असेन. हातात हातोडा, मागे पंचायतीची दोन माणसं. फाटकाचं कुलूप मीच फोडलं. त्यानंतर दोहाहून तुझे नऊ फोन आले, एकही घेतला नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, थोरला भाऊ ना तू. म्हणून लिहितेय. आता मुकाट्याने वाच.

तुझ्या बंद घरामागे रबराची दोनशे चाळीस झाडं आहेत. भाव पडला म्हणून चीक काढणं थांबवलंस, ते ठीक. पण चीक झेलायला झाडांना तारेने अडकवलेल्या करवंट्या उताण्याच टाकून गेलास. जूनपासून पाऊस कोसळतोय. प्रत्येक करवंटीत पाणी, प्रत्येक पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या. गच्चीवरच्या टाकीला झाकण नाही, अंगणातली कमळाची कुंडी तर बघवत नाही. एवढा बंगला बांधलास आणि डासांना आंदण देऊन टाकलास.

आणि मी गावची आशा सेविका! दर रविवारी चर्चमधून आले की घरोघर फिरते. फ्रिजमागचा ट्रे ओता, कुंड्यांखालच्या बशा पुसा, टायर छपराखाली घ्या, असं सांगून घसा बसतो. लोक मला करवंटीबाई म्हणतात. सख्ख्या भावाच्या मळ्याकडे बोट दाखवून हसतातही.

जूनमध्ये मी आत गेले होते, तुला ठाऊक आहे. दोनच ओळी पालथ्या घातल्या, तेवढ्यात तुझा फोन. “कोणाला विचारून आत शिरलीस? मला इथून सगळं दिसतं.” सगळं? कॅमेऱ्यात करवंटी दिसते, तिच्यातलं पाणी दिसत नाही. दुसऱ्या दिवशी तू माणूस पाठवून कुलूप बदललंस. आपल्या अप्पनने लावलेल्या झाडांत मी, त्याची मुलगी, चोर ठरले. इतकी चिडले की ठरवलं, मरू दे, पुन्हा पाऊल टाकायचं नाही.

वर्गीसचेट्टनला मात्र असं रुसता येत नव्हतं. कुंपणाला लागूनच त्याचं घर. तीस वर्षं त्याने आपल्या झाडांचा चीक काढला, तुला खांद्यावर बसवून मळा फिरवला. मी दिसले की म्हणायचा, “शोशे, तेवढ्या पालथ्या कर गं. माझ्या हातच्या आहेत, उताण्या बघवत नाहीत.” किल्लीसाठी त्याने तुलाही फोन केला होता. तू म्हणालास, चेट्टन, वय झालं, आता आराम करा. तो हे मला हसत सांगत होता. मला हसू आलं नाही.

लहानपणी चीक काढायचे दिवस संपले की अप्पन आपल्याला करवंट्या पालथ्या घालायला पाठवायचा. तुझ्या दहा ओळी, माझ्या दहा. तू अर्धी झाडं सोडून पळत सुटायचास आणि पहिला यायचास. मी मागून गुपचूप तुझ्या ओळी पुऱ्या करायचे. अप्पनने विचारलं की सांगायचे, अच्चाचननेच केल्या. तुला शाबासकी मिळायची आणि मला त्यातच आनंद. काय वेडी होते मी.

ती खोड गेली नाही. माझ्या पाहणीच्या वहीत तुझ्या घराचाही रकाना आहे. जून, जुलै, ऑगस्ट, दर रविवारी मी त्यात लिहिलं: स्वच्छ, पाणी साचलेलं नाही. बहिणीने भावाची तक्रार केली तर लोक काय म्हणतील, म्हणून. खरं लिहिलं असतं तर पंचायतीने जूनमध्येच कुलूप तोडलं असतं.

वर्गीसचेट्टन मंगळवारी गेला. डेंग्यू. पाचव्या दिवशी हिरड्यांतून रक्त यायला लागलं, कोट्टयमला नेलं, तिथून परत आणला तो मातीसाठीच. काल आम्ही करवंट्या पालथ्या घालत होतो तेव्हा त्याची बायको मरियाम्मा कुंपण ओलांडून आली. मला हाताने बाजूला सारलं. दोन ओळी पुऱ्या केल्या आणि गेली.

पंचायतीची नोटीस तुला येईल. खाली तक्रारदाराची सही दिसेल, ती माझी आहे. ते दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून हे पत्र. वहीतल्या खोट्या नोंदीही मी लिहून दिल्यात, माझं काम बहुतेक जाईल. जाऊ दे. अप्पन आता विचारायला नाही, पण पंचायतीत विचारलं तेव्हा मी पहिल्यांदा खरं सांगितलं. तुझ्या ओळी तू केल्या नव्हत्यास, अच्चाचन. आणि या पावसाळ्यात मीही वेळेत केल्या नाहीत.

तरीही तुझीच,
शोशाम्मा