एकीला एकच अंडं

बाई, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली आणि आज दुपारपासून मी तुमच्यावर चिडून बसले आहे. गेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात, पण ड्युसेलडॉर्फजवळच्या या छोट्या गावात माझं मराठीतलं चिडणं ऐकून घेणारं दुसरं आहे कोण? नवरा कामासाठी म्युनिकला गेलाय, आणि मुलगी माझ्या मराठीला जर्मनमध्ये उत्तर देते. भांडण दोन भाषांत झालं की त्यात काही राम राहत नाही. म्हणून तुम्हाला लिहितेय.

मी इथे काय करते ते तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. दिवसा एका कंपनीत नोकरी करते, आणि संध्याकाळी व शनिवार-रविवार गावच्या बास्केटबॉल क्लबात असते. बायकांचा संघ आहे, पगारी खेळाडूंचा, आणि मी त्याची मॅनेजर. करार, प्रवास, डॉक्टर, बूट, रडारड, सगळं माझ्याकडे. सरावात मी तुमच्यासारखी ओरडते, तेही मराठीत, कारण ओरडायच्या वेळी दुसरी भाषा तोंडात येतच नाही. त्यामुळे आमच्या सोनेरी केसांच्या पोरी बचावाला उभ्या राहिल्या की एकमेकींना 'हात वर! हात वर!' करतात. पाहुण्या संघांना वाटतं ही काहीतरी गुप्त खूण आहे.

आणि रविवारी मी अंडी उकडून नेते. एकीला एक.

हे तुमचंच. सांगलीतल्या तुमच्या घरी अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. सासूबाई पुढच्या खोलीत जप करत बसायच्या, आणि तुम्ही मागच्या दारी रॉकेलच्या स्टोव्हवर, वेगळ्या पातेल्यात, क्लबात तुमच्या हाताखाली खेळणाऱ्या आम्हा बारा जणींसाठी बारा अंडी उकडायचात. टरफलं कागदात गुंडाळून आम्ही आपापल्या दप्तरातून न्यायची. मी संघातली सगळ्यात जास्त गुण करणारी. एकदा मी म्हटलं, "बाई, मला दोन द्या ना, मी सगळ्यात जास्त पळते." तुम्ही पातेल्यातून वर न बघता म्हणालात, "आज तुला दोन दिली तर उद्या कुणाला तरी शून्य द्यावं लागेल. सांग कुणाला?" तो प्रश्न मी डोक्यात घेऊन जर्मनीपर्यंत आले, आणि तिथेच घोटाळा झाला.

आमच्या लीगमध्ये दोन-तीन क्लब पैसेवाले आहेत. आम्ही पोरी तयार करायच्या आणि त्यांनी दरवर्षी येऊन उचलून न्यायच्या. मी वैतागले. क्लबांच्या बैठकीत उभी राहिले आणि म्हटलं, एका संघाने पगारावर किती खर्च करायचा याला मर्यादा घाला, अमेरिकेत आहे तशी. इथे त्याला गेहाल्ट्सओबरग्रेन्झे म्हणतात. शब्द उच्चारेपर्यंत माणूस म्हातारा होतो. तुमच्या अंड्याची गोष्टसुद्धा मी तिथे सांगितली. लोक हसले, पण पटलं त्यांना. दोन वर्षं मी त्यामागे लागले आणि शेवटी सगळ्या क्लबांनी आपापसात तसा करार केला. त्या दिवशी मला तुमची फार आठवण आली होती.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. लीगमधली पळवापळवी थांबली हे खरं. पण आता पोरी पैसेवाल्या क्लबात जात नाहीत, थेट देशाबाहेर जातात. तुर्कस्तान, स्पेन, इटली. त्यांना आमची मर्यादा थोडीच लागू आहे? पूर्वी अमेरिकेतल्या चांगल्या खेळाडू हिवाळ्यात इकडे यायच्या, कारण त्यांच्या लीगच्या मर्यादेत त्यांचं भागायचं नाही. आता तिकडे पैसा वाढला, तर त्या यायच्या कमी झाल्या. वर तिथली विद्यापीठंसुद्धा खेळणाऱ्या मुलींना पैसे द्यायला लागली आहेत. म्हणजे पूर्वी आमच्याकडून शेजारी न्यायचे, आता सातासमुद्रापलीकडचे नेतात, आणि त्यांना थांबवायला आमच्या हातात पैसे नाहीत, कारण ते वापरायचे नाहीत असा नियम मीच करून घेतला.

आमचे अध्यक्ष सत्तरीचे आहेत. पूर्वी त्यांची बेकरी होती. मागच्या बैठकीनंतर खुर्च्या एकावर एक रचताना ते मला म्हणाले, "हे बघ, तुझ्या बाईंची गोष्ट चांगली आहे. पण त्यांच्या अंगणाला भिंत होती. मी आणि गावातल्या बाकीच्या बेकरीवाल्यांनी पावाचा भाव मिळून ठरवला, तेव्हाच कोपऱ्यावर सुपरमार्केट उघडलं. अमेरिकेतल्या पुरुषांच्या लीगला मर्यादा चालते, कारण तिथून वर जायला जागाच नाही. आपल्यावर मात्र अख्खं जग आहे." मी म्हटलं, मग काय करायचं? ते म्हणाले, "ते मला माहीत असतं तर माझी बेकरी असती."

मला इतका राग आला बाई, की मी शेवटच्या चार खुर्च्या तशाच टाकून निघून आले.

आणि आता संघातली ही मुलगी. एकोणीस वर्षांची आहे. दहा वर्षांची असल्यापासून आमच्याकडे खेळते. पहिल्या रविवारी तिनेही दोन अंडी मागितली होती, आणि मी तुमचं वाक्य जर्मनमध्ये तिच्या तोंडावर मारलं होतं. आज आमचा सगळा खेळ तिच्याभोवती फिरतो. तिला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने बोलावलंय, जानेवारीतच या म्हणून, म्हणजे ऐन हंगामाच्या मध्यात. आमच्याशी तिचा अजून दीड वर्षाचा करार आहे. तिला सोडायचं तर क्लबाची फ्रायगाबे लागते, म्हणजे मोकळीक दिल्याचा कागद, आणि त्यावर सही माझी. अध्यक्ष म्हणाले, तू ठरव. ती गेली तर आम्ही खालच्या लीगमध्ये घसरणार हे शेंबडं पोरही सांगेल. खाली घसरलो तर प्रायोजक जाणार, आणि संघच बंद पडणार. म्हणून मी तो कागद तीन आठवडे खणात ठेवला. सही केली नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ती विचारायची तेव्हा मी म्हणायचे, "बघते." जर्मन माणसाला 'बघते' कळत नाही बाई. तिला वाटायचं मी खरंच बघतेय.

तुम्हीसुद्धा मला एकदा 'बघू' म्हणाला होतात. मला रेल्वेत खेळाडू म्हणून नोकरी लागत होती. घरी दादांना आकाश ठेंगणं झालं होतं. रेल्वेला क्लबाचं ना हरकत पत्र हवं होतं, आणि राज्य स्पर्धा दीड महिन्यावर होती. तुम्ही म्हणालात, "राज्य स्पर्धा खेळ, मग सही करते. तोवर बघू." मी घरी जाऊन भौतिकशास्त्राच्या वहीच्या मागच्या पानांवर तुमची सही गिरवत बसले. क्लबाचा शिक्का तुमच्या स्वयंपाकघरात असायचा, मसाल्याच्या डब्यामागे. रविवारी तुम्ही मागच्या दारी आमच्यासाठी अंडी उकडत होतात, तेव्हा मी आत शिक्का मारला.

पत्र जिल्हा संघटनेमार्फत पुढे जायचं, आणि तिथल्या सचिवांना संशय आला. त्यांनी तुम्हाला बोलावून घेतलं आणि माझ्यासमोर कागद तुमच्या हातात दिला. तुम्ही चष्मा लावलात, पुष्कळ वेळ बघितलंत आणि म्हणालात, "माझीच आहे." जिन्यात मात्र थांबलात. "पुन्हा कुणाची सही मारू नकोस," एवढंच. मी गेले त्या दिवशी मिरज स्टेशनवर आलात आणि खिडकीतून कागदाची पुरचुंडी दिलीत. आत अंडी होती, दोन. ती साताऱ्यापर्यंत माझ्या मांडीवर तशीच होती. तिकडे राज्य स्पर्धेत आपला संघ पहिल्याच फेरीत हरला. पुढच्या वर्षी मुलींचा क्लब बंद झाला, हे मला दुसऱ्यांकडून कळलं.

आज दुपारी ती मुलगी हॉलमधल्या माझ्या ऑफिसात आली. मी मनात भांडणाची सगळी तयारी केली होती. करार काढून टेबलावर ठेवला होता. ती म्हणाली, "मी त्यांना मेल लिहिलं होतं, उन्हाळ्यात आले तर चालेल का म्हणून. आज उत्तर आलं. चालेल म्हणाले. मी हंगाम पूर्ण करून जाते. तुम्हाला वेळ हवा होता ना, म्हणून विचारलं." चिडणं नाही, तक्रार नाही. दारातून जाताना हसून म्हणाली, "हात वर," आणि गेली.

मी त्या कराराकडे बघत बसले. राग कुणावर काढायचा तेच कळेना. ती जाणार आहे ते जाणारच आहे. पुढच्या वर्षी दुसरी जाईल. मर्यादा ठेवली तरी, काढली तरी. हे माझ्याने सुटणार नाही, आणि तुमच्या अंड्यानेही नाही. पण मला रडू आलं ते त्यामुळे नाही.

बाई, तेव्हा मीसुद्धा विचारलं होतं. रेल्वेला पत्र लिहिलं होतं, राज्य स्पर्धा खेळून आले तर चालेल का म्हणून. त्यांचं उत्तर आलं होतं की दोन महिने उशिरा आलात तरी चालेल. ते पत्र मी तुम्हाला दाखवलं नाही, दादांनाही नाही. फाडून टाकलं, आणि मग सही गिरवायला बसले. तुम्हाला वाटलं असेल, पोरीची नोकरी जात होती म्हणून तिने केलं. नोकरी कुठेच जात नव्हती. मला दोन अंडी हवी होती, आणि ती लगेच हवी होती.

फ्रायगाबेवर मी आत्ताच सही केली. माझी स्वतःची.