शिवा येईपर्यंत

९ नोव्हेंबर १९८३
कमळा, आठवतं? कॉन्व्हेंटच्या मागच्या पायरीवर बसून आपण दोघींत एक पेरू खायचो, आणि बियांचा भाग तू हमखास मला द्यायचीस. आज इथे आल्या आल्या मथुराने पेरूची फोड पुढे केली आणि तू डोळ्यांपुढे उभी राहिलीस. मथुरा इथली तरुण नर्स. हसरी, बडबडी. रत्नागिरीतलं हे खासगी इस्पितळ लहानच. अतिदक्षता विभागात तीन खाटा आणि एक मॉनिटर. खिडकीतून भाट्याच्या खाडीचा वारा येतो. मुंबईत पस्तीस वर्षं नर्सची नोकरी करून घरी बसलेल्या मला म्हाताऱ्यांच्या सेवेला पुन्हा कुणी बोलावलं, याचंच अप्रूप वाटतं.

१२ नोव्हेंबर
पहिल्या खाटेवर गोदूबाई आहेत, गुहागरकडच्या. वय अठ्ठ्याहत्तर, हृदय थकलेलं. नाकात नळी घालताना म्हणाल्या, सिस्टरबाय, म्हशीला वेसण घालतेस काय गो? मग माझं लग्न का झालं नाही, याची चौकशी. आम्ही दोघी पोटभर हसलो. लेक सखू पायथ्याशी बसून असते. मुलगा शिवा मुंबईत, गिरणी बंद पडल्यापासून मिळेल ते काम करतो. त्याला तार केली आहे.

१५ नोव्हेंबर
दुपारी नाडी जेमतेम लागत होती. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत. गोदूबाई एकच विचारत होत्या, शिवा आला काय? सखूने कनवटीचा पांढरा सुती दोरा काढला. त्यांच्या गावी मुंबईच्या माणसाची वाट बघताना असा दोरा बांधतात. घरच्याने बांधून चालत नाही, म्हणाली. मी तो गोदूबाईंच्या मनगटाला बांधला आणि तिने सांगितलं तसं म्हटलं, शिवा येईपर्यंत माझ्यातलं आयुष्य घ्या. एरवीही आपण प्रेमाने म्हणतोच की, माझं आयुष्य तुला लागो. सखू रडली. मीही.

१७ नोव्हेंबर
गोदूबाईंनी मागून पेज घेतली. डॉक्टर खूश, नवं औषध लागू पडलं म्हणतात. मला मात्र सहा पायऱ्या चढताना दोनदा टेकावं लागलं. हवा मानवली नसेल.

१९ नोव्हेंबर
मुंबईची तार आली. शिवा गेला. चौदा तारखेला. म्हणजे मी दोरा बांधला त्याच्या आदल्याच दिवशी. सखू बाहेरच्या बाकावर खूप रडली, मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, आवशीला सांगू नका.
आत गोदूबाई उठून बसल्या होत्या, केस विंचरत. माझे केस कंगव्यात झुपक्यांनी येतात.

२१ नोव्हेंबर
माझी नाडी छत्तीस. मथुराने पुन्हा मोजली, मग तिसऱ्यांदा.
दोरा सोडायला गेले. गाठीला बोट लावताच गोदूबाईंचा श्वास अडकला. ओठ निळे. इतकी वर्षं माणसं जगवली — हात मागे घेतला.

२३ नोव्हेंबर
आता दुसरी खाट माझी. तरी आज ठरवलं, सोडायचाच. मथुराने धरून गोदूबाईंपाशी नेलं. दोरा कुठेच नाही — आत गेला आहे, वर कातडी आली आहे. गुळगुळीत. तरण्या मुलीसारखी. डॉक्टर म्हणतात, कसला दोरा, सिस्टर? विश्रांती घ्या.

२४ नोव्हेंबर
सांगून टाकलं. गोदूबाई, शिवा गेला. तो यायचा नाही आता.
माझ्या गालावरून हात फिरवला त्यांनी. ऊबदार हात. म्हणाल्या, येल गो तो. मला आता घाय नाय.

२५ नोव्हेंबर
अक्षर दिसत नाही नीट. ही वही कमळाला. घड्याळ मथुराला. शाल झाडूवाल्या चिमाला, थंडीत कुडकुडते. पुस्तकं शाळेत द्या — आपल्या —
गोदूबाई परत थकल्या आहेत. माझ्यात उरलं नसेल.
सखू मथुराशी बोलते आहे. तुझा हात हलका आहे, म्हणते. मुठीत काहीतरी पांढरं —
मी हाक मारते आहे. आवाज फुटत नाही.
मथुरा हसते. हो म्हणते.
घड्याळ राहू द्या. मथुराला आधी सांगा, कुणीतरी सांगा, बांधू —